दोन सूत जादा

२ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी बी.पी.ची गोळी घेतली की नाही आठवेना. अर्धी घेतली. मेधाला बोललो नाही.

कॉलेजचा पहिला दिवस. मेधाने ऑफिसला जाता जाता दारात सोडलं. "बाबा, फोन सायलेंटवर ठेवा, बंद नका करू. लोकेशन ऑन असू दे." तिला शाळेत सोडताना डब्याचं झाकण नीट लाव म्हणून मी सांगायचो, तोच आवाज. इथे साठीच्या पुढच्यांना वर्गात फुकट बसू देतात. परीक्षा नाही, मार्क नाहीत. नाव तिनेच घातलं. दिवसभर बातम्या बघून काळजी करत बसता त्यापेक्षा बरं, म्हणे. काळजी बसूनच करावी लागते असं नाही. उभ्यानेही होते.

विषय: जुनी थोर पुस्तकं, साहित्य आणि तत्त्वज्ञान. मी आठवी नापास. फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात मेधाने काय भरलं ते विचारायचा धीर झाला नाही.

वर्गात वीस-बावीस मुलं आणि दोन म्हातारे. दुसरा डेल. जन्मभर घरोघर टपाल वाटलं, आता गुडघे गेले. त्याला वसंत म्हणता येत नाही, वॅस म्हणतो.

दोन पुस्तकं. पु. १ ग्रीक नाटक, पु. २ तत्त्वज्ञानाचं, सगळं प्रश्नोत्तरांत. नावं लिहीत नाही, स्पेलिंग चुकलं तर उगाच.

पु. १ बायकोकडे, कुसुमकडे होतं. मेधा चौथीत असताना तिने बाहेरून एम.ए. केलं, तेव्हाचं. तोंडाने कधी तिचं नाव घेतलं नाही, इथे लिहितो.

४ सप्टेंबर, गुरुवार

बाई तरुण आहेत, नातीपेक्षा फार तर पंधरा वर्षांनी मोठ्या. म्हणाल्या, पुस्तकात लिहा. रेघा ओढा, प्रश्न विचारा, भांडा. ज्या पानाला पेन्सिल लागली नाही ते तुम्ही वाचलं नाही असं मी धरणार.

पेन्सिल काढली, परत खिशात ठेवली. चाळीस वर्षं कऱ्हाडला बायंडिंगचं दुकान चालवलं. पुस्तकाला पाय लागला तर हात लावून कपाळाला लावायचा. थुंकीने पान उलटायचं नाही. आत खरडायचं तर अजिबात नाही. हे हाताच्या हाडात बसलंय, बाई म्हणाल्या म्हणून निघत नाही.

डेलचं पुस्तक बघवत नाही. तीन रंगांची शाई, कॉफीचा गोल डाग, कोपरे दुमडलेले. माझं मी किराणाच्या ब्राऊन पिशवीचं कव्हर घालून नेलं होतं. डेल म्हणाला, "वॅस, हे पुस्तक आहे की नवरी?"

चिठ्ठ्या वापरीन. कागदाच्या पट्ट्या कापून पानांत ठेवीन. तेवढं चालावं.

घरी आल्यावर गॅरेज बंद केलं का बघायला दोनदा गेलो. बंद होतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

बाईंनी फळ्यावर पुस्तकाचं पान काढलं, चारी बाजूंनी मोकळी जागा. हा समास कशासाठी असतो? मला येत होतं. आयुष्यात वर्गात हात वर केल्याचं आठवत नाही, आज केला. म्हणालो, कटिंगसाठी. शिलाई झाली की तीन बाजू मशीनखाली जातात. समास नसेल तर अक्षरं कापली जातील.

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे मला माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "आणि वाचणाऱ्यासाठी. छापलेलं सगळ्यांना सारखंच मिळतं. पुढे कोणी हे पुस्तक उघडलं, तर समासात तुम्ही भेटाल."

नंतरचं ऐकू आलं नाही. जिना उतरताना कठडा धरून उतरलो. डेल म्हणाला, बरं नाही का. म्हटलं, चष्मा.

१४ सप्टेंबर, रविवार

बोलायला नको होतं. पण जेवताना शिरीषरावांनी, माझ्या जावयाने, विचारलं, "बाबा, कॉलेज काय म्हणतंय? रॅगिंग वगैरे?" आणि मी कटिंगची गोष्ट सांगून बसलो. हसवायला म्हणून. बाई काय म्हणाल्या तेही सांगितलं.

मेधाचा घास हातात राहिला. म्हणाली, "आई लिहायची. आठवतं? कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्यावर पुस्तक. पेन्सिल केसांत."

आठवतं.

मग म्हणाली, "बाबा, तुम्ही वाचनालयाला दिलीत ना ती सगळी पुस्तकं, एकतीस? मी डिसेंबरमध्ये मामेभावाच्या मंजूच्या लग्नाला जातेच आहे. एक दिवस कऱ्हाडला बसते आणि पानन् पान फोटो काढते. आईचं हस्ताक्षर तर आहे माझ्याकडे, पण नुसत्या वाणसामानाच्या याद्या. ती विचार काय करायची ते कुठेच नाही."

शिरीषराव म्हणाले, ग्रेट आयडिया.

मी म्हणालो, भाजीत मीठ कमी आहे. भाजीत मीठ बरोबर होतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

घरात कोणी नाही. लिहून ठेवतो, म्हणजे निदान एका जागी खरं असेल.

ती पुस्तकं कोरी आहेत. मी खोडली.

कुसुम गेली त्याला नऊ वर्षं झाली. मेधा तेराव्यापर्यंत होती, मग इथे परत आली. मी एकटा. तिची पुस्तकं कुणाच्या तरी कामाला यावीत म्हणून वाचनालयात गेलो. तिथले कार्यवाह चाळून म्हणाले, "वसंतराव, पुस्तकं उत्तम, पण ही रेघोट्या मारलेली. अशी आम्ही घेत नाही. मुलांना वाईट सवय लागते." मला पटलं. मला तर आधीपासूनच पटलेलं होतं.

तीन आठवडे दुकान बंद ठेवून खोडलं. दोन डझन खोडरबर. पान फाटू नये म्हणून खाली काच ठेवून एकाच दिशेने, हळू. मग शिलाई उसवून जुजबंदी, म्हणजे पानांच्या जुड्यांची शिवण, नव्याने केली, कापडी पाठ, कडा कापून एकसारख्या. खळीत मोरचूद टाकला, कीड लागू नये म्हणून. आत लेबल, कै. कुसुम हिच्या स्मरणार्थ. एवढं सुबक काम मी जन्मात केलं नाही. वाचनालयाने सत्काराचा नारळ दिला. मेधाला फोटो पाठवला, ती म्हणाली, बाबा, छान केलंत.

तिने लिहिलेलं होतं तेवढंच पुस्तक तिचं होतं. बाकीचं तर दुकानात मिळतं. हे मला परवाच्या गुरुवारी कळलं. शहात्तराव्या वर्षी, ओहायोत.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पु. १ संपत आलं. डिक्शनरी घेऊन पानाला अर्धा तास लागतो. या नाटकांत मरण स्टेजवर दाखवत नाहीत. सगळं आत होतं, आणि मग एक निरोप्या येऊन सांगतो. त्याला नाव नाही. येतो, सांगतो, जातो.

मुलांनी निबंधाला राजा घेतला, राणी घेतली. बाईंनी मला विचारलं. म्हणालो, निरोप्या.

"का?"

म्हटलं, बाकीच्यांना जे सोसायचं ते सोसतात. याला फक्त सांगायचंय, आणि हाच सगळ्यात जास्त घाबरलेला.

बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल.

७ ऑक्टोबर, मंगळवार

निबंध दिला. चार पानं. ईशाच्या टेबलावर बसून लिहिला. (नात यंदा दुसऱ्या गावी कॉलेजला गेली, खोली रिकामी आहे.) दुकानात शाळेची गाईडं बांधायला यायची, त्यातल्या उत्तरांची रीत माहीत आहे. सुरुवातीला लेखकाची थोरवी, मध्ये गोष्ट, शेवटी आपल्याला मिळणारा बोध.

मेधाला आज गाडीत सांगणार होतो. तिचा ऑफिसचा कॉल चालू होता. कॉल संपला तेव्हा कॉलेज आलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

निबंध परत. खाली एकच ओळ. यात तुम्ही कुठे आहात? पुन्हा लिहून आणावासा वाटला तर आणा.

डेलने वाचला. म्हणाला, "हे तर पार्सलवरच्या पत्त्यासारखं आहे. सगळं बरोबर, आत काय आहे ते कळत नाही." मग माझ्या चिठ्ठ्या बघून म्हणाला, "तू पुस्तक खराब होईल म्हणून घाबरतोस, की पुस्तकात सापडशील म्हणून?"

टपाल वाटणाऱ्याला एवढं कशाला कळावं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. वर्ग बुडवला. फराळ टेक्सासमधल्या प्लेनोहून शिरीषरावांच्या बहिणीने पाठवला, चकल्यांचा चुरा झालेला. आकाशकंदिलाची वायर मला सुरक्षित वाटत नाही, चार वेळा सांगितलं.

पणत्या लावताना मेधा एकटी होती. म्हटलं आता. मेधा, म्हटलं. तेवढ्यात ईशाचा व्हिडिओ कॉल. मेधाने तिला आधीच सांगून ठेवलंय. ईशा म्हणाली, "आजोबा, मॉम इज गेटिंग आज्जीज नोट्स. दॅट्स सो कूल. मला पण हवेत, ओके?" तिचं मराठी तेवढंच.

ओके म्हणालो.

मेधाने नंतर विचारलं, तुम्ही काहीतरी बोलत होता. म्हटलं, वायर.

२९ ऑक्टोबर, बुधवार

लिहायची लाज वाटते.

वाचनालय संध्याकाळी पाचला उघडतं, तेव्हा इथे सकाळचे साडेसात. मेधा आंघोळीला गेल्यावर कऱ्हाडला फोन लावला. नवे कार्यवाह आहेत, जुन्यांचे पुतणे. मनात काय होतं? पुस्तकं हरवली असतील, पुरात भिजली असतील, रद्दीत गेली असतील. तसं असतं तर बरं झालं असतं. आपल्याच बायकोच्या स्मरणार्थ दिलेली पुस्तकं.

ते म्हणाले, "अण्णा, एकतीसच्या एकतीस जशीच्या तशी. काचेच्या कपाटात. तुमची बांधणी म्हणजे काय. नऊ वर्षांत कोणी नेलंच नाही एकही, त्यामुळे नवीकोरी."

कोणी नेलंच नाही.

मग मी म्हणालो, माझी मुलगी येईल डिसेंबरात. तिला कपाटाची किल्ली सापडत नाही असं सांगता येईल का.

ते म्हणाले, "का हो अण्णा?"

फोन ठेवला. आता हे मेधाला सांगतील. कशाला केला फोन. जिना चढून वर जाऊन पडलो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पु. २. एक जण विचारतो, दुसरा सापडतो, की पुन्हा विचारतो. मला अशी माणसं आवडत नाहीत. आजचा प्रश्न, न कळता केलेली चूक ही चूक का?

मुलं म्हणाली, नाही. माहीत नव्हतं तर दोष कसला. डेल म्हणाला, चुकीच्या घरात टाकलेलं पत्र चुकीच्याच घरात पडतं, टाकणारा कितीही भला असो.

बाई माझ्याकडे वळल्या. मला आधी बरं वाटलं होतं मुलांचं ऐकून. मला काय माहीत होतं? मी स्वच्छ केलं. प्रेमाने केलं. दोन डझन खोडरबर. हे मी उभं राहून सांगितलं, बायकोचं सगळं सांगितलं, मोडक्या इंग्रजीत. समोरच्या बाकावरच्या मुलीने डोळे पुसले. परक्या बावीस पोरांना सांगता आलं, घरात नाही.

बाई हळूच म्हणाल्या, "आणि तुम्हाला खरंच काहीच कळलं नव्हतं?"

सवयीने विचारलं असेल. या पुस्तकात तसंच विचारतात.

मी हो म्हणालो आणि बसलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बारा दिवस वहीला हात लावला नाही. पहिला बर्फ पडला. दोन मोजे एकावर एक घालतो.

हो म्हणालो ते खोटं होतं.

चौथं पुस्तक. खोडताना मी वाचत नव्हतो, तिचं सगळं इंग्रजीत असायचं, आणि मला डोळे वर करायचे नव्हते. पण त्या पुस्तकात शेवटाकडे, उजव्या पानावर खाली, मराठी. मराठी न वाचता कसं खोडणार.

यांना कळणार नाही.

एवढंच. यांना म्हणजे मी. तिने आयुष्यात माझा उल्लेख 'हे' सोडून दुसऱ्या कशाने केला नाही.

बरोबरच होतं ते. आठवी नापास. ती एम.ए.ला बसली तेव्हा लोक दुकानात येऊन विचारायचे, काय वसंतराव, बायकोला कुठवर शिकवणार, आणि मी हसायचो. पण तिने घरात कधी तसं दाखवलं नाही. तिला माझ्याबद्दल असं वाटत होतं, हे ती गेल्यावर समासात सापडलं.

ती ओळ आधी खोडली. जोरात. पानाला चर पडला. मग त्या पुस्तकापासून पुढे कटिंगला कडा धरली ती दोन सूत जादा. दोन सूत म्हणजे पाव इंच. गरज नव्हती. शाईत लिहिलेलं होतं कुठे कुठे, ते खोडरबराने जाईना, ते कापलं गेलं. कतरण पोत्यात भरून रद्दीत दिली.

कार्यवाह, वाईट सवय, स्वच्छता, हे पहिल्या तीन पुस्तकांचं. पुढच्या अठ्ठाविसांचं कारण मला माहीत आहे.

चौथं पुस्तक हेच. पु. १. नाटक.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कॉलेजचं पुस्तक वेगळं, पानं जुळत नाहीत. पण शेवटाकडे, उजव्या पानावर खाली. हिशेबाने तिथे निरोप्याचंच भाषण येतं. यात मला न कळण्यासारखं तिला काय वाटलं असेल? पंधरा वेळा वाचलं. आज मला कळलं असं वाटतं. हे सांगायचं तर कोणाला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. वर्गाला सुट्टी. मेधा बाजारात गेली, मी आणि शिरीषराव घरात. ते भोपळ्याच्या 'पाय'वर (इथला सणाचा गोड पदार्थ) क्रीम लावत होते. मी सगळं सांगितलं. दोन सूतसुद्धा.

जावयासमोर रडायचं नाही असं ठरवलेलं, तेवढं पाळलं.

त्यांनी क्रीम लावायचं थांबवलं. म्हणाले, "बाबा, ती ओरडणार नाही. ती गप्प बसेल. ते जास्त वाईट, हे मी तुम्हाला वॉर्न करतो."

म्हटलं, तुम्ही सांगाल का?

"नाही. सॉरी. हे मी कॅरी करणार नाही." मग थोड्या वेळाने, "पण तिकडे कपाटासमोर उभं राहून तिला कळलं ना बाबा, तर मी पण तुमच्याशी बोलणार नाही. जायच्या आधी सांगा. कसंही सांगा."

मेधा आली. 'पाय' छान झाला म्हणाली.

४ डिसेंबर, गुरुवार

शेवटचा वर्ग. निबंध पुन्हा लिहून दिला नाही. बाई म्हणाल्या, मुदत तुम्हाला लागू नाही. पुस्तकाचं कव्हर बघून म्हणाल्या, अजून कोरंच का? म्हटलं, अजून.

डेलने त्याची एक पेन्सिल दिली. चावलेली. "घे, नवरीला लाव एकदा हळद." असं म्हणाला नाही अर्थात, लग्नाबद्दलच काहीतरी म्हणाला, माझ्या कानाला तसं ऐकू आलं.

११ डिसेंबर, गुरुवार

उद्या दुपारचं विमान. बॅगा दारात. वजन मी तीन वेळा केलं.

दुपारी मेधा घरूनच काम करत होती. तिच्या दारापर्यंत दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी तिने कानातलं काढलं, "बाबा, काय झालं? पाणी हवंय?" पाणी घेऊन परत आलो.

मग तीच संध्याकाळी खोलीत आली. "तुमचं ते नाटक द्या ना प्लेनमध्ये वाचायला. आईने वाचलेलं, तुम्ही वाचलंत, मी एकटीच राहिले."

म्हटलं, सकाळी देतो.

आता दार लावून बसलोय. कव्हर काढलं. पान ४१ उघडलं, निरोप्या येतो तिथे. डेलची पेन्सिल. पहिलीच रेघ छापलेल्या अक्षरावरून गेली.

लिहिलं:

मेधा, आईच्या पुस्तकांत काही नाही. मी खोडलं. वाचनालयाला कोरी हवी होती, पण तेवढ्यासाठी नाही. या नाटकात तिने लिहिलं होतं, यांना कळणार नाही. ते वाचून राग आला. मग जादा कापलं. शाईचं कापलं गेलं ते गेलं. पेन्सिलीचं एक सांगतो, धंद्यातलं. तुझी आई दाबून लिहायची. खोडलं तरी कागदाला चर राहतो. खोलीत अंधार कर आणि टॉर्च पानाला आडवा धर, जवळजवळ टेकवून. मी नंतर प्रेसखाली ठेवली होती पुस्तकं, त्याने चर बसले असतील. किती राहिलं असेल माहीत नाही. मला माफ कर असं लिहीत नाही. तुझा बाबा.

समास पुरला नाही. पान ४४ पर्यंत गेलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पुस्तक दिलं. पर्समध्ये घातलं तिने. एअरपोर्टला तिने वाकून नमस्कार केला, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो काढवेना. "बाबा, तीन आठवड्यांत येतेय."

शिरीषराव गाडीत म्हणाले, सांगितलं? म्हटलं, पान ४१. त्यांना कळलं नाही. मग कळलं. घरी उतरताना माझा सीटबेल्ट त्यांनी सोडवला.

१४ डिसेंबर, रविवार

मुंबईला पोचली. फोनवर पाच मिनिटं. थंडी नाही, मंजूची हळद उद्या, ट्रॅफिक. तुमच्या गोळ्या? घेतल्या.

पुस्तकाबद्दल काही नाही. वाचलंच नसेल. झोपली असेल विमानात. की वाचलंय आणि हे तिचं गप्प बसणं? गप्प बसणारं माणूस ट्रॅफिकबद्दल बोलतं का? शिरीषरावांना विचारलं. म्हणाले, बोलतं.

१७ डिसेंबर, बुधवार

मेसेज आला.

पान ४१ वाचलं.

पुढे काही नाही. शंभर वेळा उघडून बघितला. उत्तर लिहिलं, खोडलं. खोडायची माझी सवय.

१८ डिसेंबर, गुरुवार

दिवसभर काही नाही. बर्फ साफ करायला गेलो, शिरीषरावांनी फावडं काढून घेतलं. कॉलेजला सुट्टी. बाईंना निबंध पाठवला, नव्याने लिहिलेला. सुरुवात अशी केली, या नाटकातला निरोप्या मी आहे. थोरवी कुठेच लिहिली नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी साडेसहा. बाहेर अजून उजाडलेलं नाही. नोव्हेंबरात इथली घड्याळं तासभर मागे गेली, म्हणून तिकडे पाच. फोन वाजला तेव्हा मी जागाच होतो, अंथरुणात बसून.

व्हिडिओ नाही, नुसता आवाज. घुमत होता. म्हणाली, वाचनालयात आहे, कपाटाची खोली. कार्यवाहांनी आज दुपारीच उघडून खिडक्या लावून दिल्या. "किल्ली सापडली हो, असं तुम्हाला सांगायला सांगितलंय त्यांनी." हसून म्हणाली की चिडून, आवाजावरून कळेना.

"बाबा, आहात का?"

आहे.

"खूप पानांत काहीच नाही. तुम्ही मन लावून खोडलंय." मी श्वास मोजत होतो, तिचा. "मी चिडलेय, बाबा. हे मी तिकडे आल्यावर बोलणार आहे. आत्ता नाही."

बरं, म्हटलं.

"आत्ता नाटकाचं पुस्तक घेतलंय हातात. शेवटची पानं. टॉर्च आडवा धरलाय. तुम्ही म्हणता ती ओळ आहे. तिथे सगळ्यात खोल चर आहे, तुमच्याच हाताचा. पण ती शेवटची नाही. पान उलटलं की वर अजून लिहिलंय. चार-पाच ओळी. पूर्ण नाही लागत, पण लागतंय."

पान मी उलटलं नव्हतं का? उलटलं असेल. न बघता खोडलं असेल. त्या ओळीनंतर मी काही बघत नव्हतो.

"मराठीतच आहे," म्हणाली. "वाचू का मोठ्याने?"

माझ्या पायांत मोजे नव्हते. फरशी गार. टेबलावर डेलची पेन्सिल होती.

म्हटलं, थांब. पेन्सिल घेतो. हळूहळू सांग.